सहा दिवसांच्या आत

दोन दिवस ताप उतरेना म्हणून मी निनादचं अंग कोमट पाण्यानं पुसून घेत होते. मान पुसायला केस वर केले, तर कानामागं लाल ठिपके. घामोळं असेल म्हणून फडकं जरा दाबून फिरवलं. ठिपके जसेच्या तसे. त्याला उजेडाकडं वळवलं. कपाळावर केसांच्या कडेनं, गालांवर, गळ्याखाली, जिथं बघावं तिथं उठत होते. डोळे लालभडक. उजेड सोसेना म्हणून तो माझ्या पदरात तोंड खुपसायला लागला.

मला कळलं. लहानपणी आमच्या गल्लीत मी हे पाहिलं होतं. गोवर होता.

मी पहिल्यांदा काय केलं, तर उठून पुढच्या खोलीची खिडकी लावली. साडेतीन वर्षांचं पोरगं तापानं फणफणलेलं, आणि मी खिडकी लावत होते. कारण खिडकीसमोर, एक पेरूचं झाड सोडलं की बनसोडेंचं क्वार्टर होतं, आणि त्यांच्या पायरीवर बोधी बसली होती. पाच वर्षांची. डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"कुंदा, उतरला का गं ताप? ही पोरगी डोकं खातेय माझं. निनाद कधी येणार, निनाद कधी येणार."

विशाखा. बोधीची आई. मी दार उघडलं नाही.

"सर्दीचाच ताप आहे," मी आतून म्हटलं. "एक-दोन दिवस जातील."

"माझ्याकडं औषध आहे, पायरीवर ठेवू का? आत नाही येत, बोधीमुळं."

"आहे गं, आहे माझ्याकडं."

तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. मी जमिनीवर बसले.

हे घडलं त्याला आता पंधरा वर्षं झाली. आम्ही तेव्हा धरणाच्या कॉलनीत राहायचो. चौदा घरं, एक पाण्याची टाकी, एक ऑफिस, आणि तालुक्याला जायला खात्याची एक जीप. माझे यजमान धरणाच्या दरवाज्यांवर ऑपरेटर होते. विशाखाचे यजमान, बनसोडे, त्यांच्याच शिफ्टला. आम्ही दोघी एकाच वर्षी तिथं राहायला आलो होतो. माझं बाळंतपण झालं तेव्हा माहेरचं कुणी पोचायच्या आत विशाखानं मला दोन दिवस जेवू घातलं होतं.

बोधीचं खरं नाव संबोधी. आदल्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून शहरातलं हॉस्पिटल आणि घर अशा त्यांच्या खेपा चालायच्या. उपचार लागू पडत होता. केस परत यायला लागले होते. नुकतीच, शुक्रवारी दुपारी, ती पंधरा दिवसांनी घरी आली होती, आणि आल्या आल्या तिनं निनादला बोलावून घेतलं होतं.

त्या दिवशी निनादला अजून ताप नव्हता. नाक तेवढं जरासं वाहत होतं. मी ते माझ्या पदरानं पुसलं आणि मग त्याला पाठवलं. मुद्दाम पुसलं, विशाखाच्या नजरेला पडू नये म्हणून. संध्याकाळपर्यंत दोघं एका चादरीच्या तंबूत बसून खेळली. एकाच ग्लासातलं सरबत प्यायली.

आणि निनादला गोवरची लस दिलेली नव्हती.

कॉलनीत हे कुणालाही माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. निनादच्या कार्डावर त्या रकान्यात तारीख होती, सिस्टरची सही होती. मीच सिस्टरला सांगितलं होतं, "माहेरी गेले होते तेव्हा टोचून घेतलं." लोखंडे सिस्टरनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि लिहून टाकलं. माझ्यासारखी शिकलेली बाई खोटं कशाला सांगेल?

मी ते का केलं, तेही सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी चिमी. नऊ महिन्यांची असताना तिला गोवरचं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांनी ताप चढला, झटके आले आणि चौथ्या दिवशी ती गेली. तालुक्याच्या रस्त्यावर, माझ्या मांडीवर. डॉक्टर म्हणाले, हा मेंदूज्वर आहे, इंजेक्शनाचा काही संबंध नाही, गावात साथच आहे. खरं होतं ते. त्याच आठवड्यात वस्तीवरची दोन पोरं गेली, आणि त्यांना कसलंच इंजेक्शन दिलेलं नव्हतं. हे मला पाठ होतं. पण निनाद नऊ महिन्यांचा झाला, त्याला घेऊन मी लसीकरणाच्या रांगेत उभी राहिले. सिस्टरनी सुई हातात घेतली तशी मी घरी पळून आले. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. मग खोटं बोलणं सोपं वाटलं.

त्या सोमवारी यजमान दुपारी घरी आले. पोराला पाहिलं आणि म्हणाले, "जीप मागतो." बाकी काही विचारलं नाही. निनादला चादरीत गुंडाळून मी जीपमध्ये बसले, तेव्हा विशाखा लांबून ओरडली, "काळजी करू नकोस गं! पोचल्यावर ऑफिसात फोन कर!"

मी मान खाली घातली.

ग्रामीण रुग्णालयात एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुण, बारीक अंगाच्या. त्यांनी निनादचं तोंड उघडून बॅटरी मारली, छातीला नळी लावली.

"गोवर आहे. छातीतही उतरलाय. ठेवून घ्यावं लागेल. लस दिली होती?"

"सगळ्या दिल्यात," यजमान म्हणाले, आणि त्यांनी कार्ड पुढं केलं.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मी निनादची चादर नीट करत होते.

"दिलेली असली तरी क्वचित होतो," त्या म्हणाल्या. "बरं, पुरळ यायच्या आधीचे चार दिवस धरून कुणाकुणाच्यात खेळला? घरात, शेजारी कुणी गरोदर बाई? तान्हं मूल? मोठ्या आजारातलं कुणी?"

यजमानांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "नाही. कुणी नाही."

"असेल तर आठवून सांगा. अशा माणसांना लस चालत नाही, पण दुसरं एक इंजेक्शन असतं, शहरात मिळतं. संपर्क आल्यापासून सहा दिवसांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर तितकं बरं. सहा दिवस गेले की काही उपयोग नाही."

त्या पुढच्या पेशंटकडं गेल्या. यजमान माझ्याकडं वळले.

"बोधीचं का नाही सांगितलंस?"

मी त्यांना व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. ते बाकावर बसले. हाताचे पंजे एकमेकांवर घासत होते.

"बनसोडे माझ्याबरोबर शिफ्टला असतो कुंदा," ते म्हणाले. "रोज एका डब्यात जेवतो आम्ही."

"फोन करू का? ऑफिसात?"

विचारलं, पण मी उठले नाही. शेवटी ते म्हणाले, "अजून सहा दिवस कुठं झालेत. आधी आपलं पोरगं बघू." आणि मला, देवाशपथ सांगते, हलकं वाटलं. कुणीतरी मला थांब म्हणालं होतं.

मंगळवार सगळा निनादच्या श्वासात गेला. त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायची, नाकपुड्या फुलायच्या. ऑक्सिजन लावला. मी त्याच्या छातीवरून नजर काढत नव्हते, जणू मी बघायची थांबले तर तोही थांबेल. कुणी मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, मला आज दुसरं काही सुचत नाही. ते खोटं होतं. मला पूर्ण वेळ दोन पोरं दिसत होती. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, असं मी पलंगाच्या कडेवर बोटांनी मोजत होते. मनाशी म्हणत होते, हा एवढा एक दिवस जाऊ दे. याचा श्वास लागू दे, मग सांगते. आणि त्याच्याही खाली भीती होती ती निराळीच, लाजिरवाणी. विशाखा काय म्हणेल, टाकीवरच्या बाया काय म्हणतील, याची.

बुधवारी सकाळी यजमान कॉलनीतून डबा घेऊन आले. निनादचा श्वास जरा संथ झाला होता. डबा उघडला. मऊ भात, वर तूप, बाजूला लिंबाची फोड.

"विशाखावहिनींनी दिलाय," ते म्हणाले. "बोधीचं कालपासून नाक वाहतंय. त्यांनी विचारलंय, निनादच्या सर्दीला डॉक्टरांनी कोणतं औषध दिलं, तेच तिला चालेल का, त्यांच्या डॉक्टरांना विचारते म्हणाल्या."

माझ्या हातून झाकण खाली पडलं. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

"झाला," मी म्हटलं. "तिला झाला."

"कुंदा, जरा हळू."

"तुम्ही इथं बसा. त्याच्या नळीवर लक्ष ठेवा."

"अगं फोन कर ना. याला सोडून कुठं जातेस?"

"फोनवर नाही मला बोलता येणार."

जीप परत निघाली होती, मी धावत जाऊन गाठली. सतरा किलोमीटर. ड्रायव्हर काहीतरी विचारत होता, मी हूं हूं करत होते. घाटाच्या वळणावर एकदा मनात आलं, जीप बंद पडली तर बरं होईल. इतकी मी घाबरले होते.

विशाखा अंगणात चादरी वाळत घालत होती. बोधी आली की ती घरातलं सगळं गरम पाण्यात धुऊन काढायची. मला बघून ती हातातला पिळा टाकून पुढं आली.

"काय झालं? निनाद कसाय?"

"तिथंच थांब!" मी ओरडले. मी पेरूच्या झाडापाशी उभी होते. माझ्या कपड्यांना काही चिकटून आलं असेल, असं मला वाटत होतं. "जवळ येऊ नकोस. इथूनच सांगते."

लांबून बोलायचं म्हणजे मोठ्यानं बोलावं लागलं. टाकीवर तिघी-चौघी पाणी भरत होत्या. त्यांच्या कळश्या थांबल्या.

"निनादला गोवर झालाय."

"गोवर कसा होईल? त्याला टोचलंय."

"नाही टोचलं."

"कार्डावर आहे की."

"कार्डावरचं खोटं आहे. मी सिस्टरला खोटं सांगितलं."

तिनं दोरीवरच्या चादरीला धरलं. बोधीचा आजार कळला तेव्हा ती कॉलनीतल्या बाकीच्या तेराही घरांत जाऊन आली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, या मुलीला आता लस देता येणार नाही, आजूबाजूच्या मुलांना दिलेली असली की तीच हिची लस. माझ्याकडं ती शेवटी आली होती. हसत म्हणाली होती, तुला काय विचारायचं, पण सगळ्यांना विचारलंय म्हणून विचारते.

"मी तुला विचारलं होतं," विशाखा म्हणाली.

"हो."

"तुझ्या स्वयंपाकघरात उभं राहून विचारलं होतं. तू म्हणालीस, हो गं, सगळे डोस झालेत."

"हो. विशाखा, ऐक माझं. वेळ नाहीये. एक इंजेक्शन असतं. सहा दिवसांच्या आत द्यायचं. शुक्रवारपासून धर, उद्यापर्यंत मुदत आहे. शहरातच मिळेल. तुमच्या डॉक्टरांना फोन लाव."

ती हलली नाही. "तुला कधी कळलं हे इंजेक्शनचं?"

"आज सकाळी," मी म्हटलं. "कळलं तशी आले."

इतकं सहज आलं ते तोंडातून. मी खरं सांगायला सतरा किलोमीटर आले होते, आणि त्यातही एक खोटं मिसळलं.

मग विशाखा जी हलली, ती वाऱ्यासारखी. ऑफिसात फोन, धरणावर निरोप, बोधीची फाइल, दोन फ्रॉक, पाण्याची बाटली. मी झाडाखाली उभी होते. वीस मिनिटांत जीप निघाली. बोधी आईच्या मांडीवरून मला विचारत होती, "कुंदामावशी, निनाद कुठंय?" विशाखानं तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.

जीप गेल्यावर टाकीवरच्या शेळकेवहिनी म्हणाल्या, "आमच्या घरची पोरं आता बाहेर काढायची का नाहीत, तेवढं सांगा एकदा." बाकीच्या कळश्या उचलून निघून गेल्या.

इंजेक्शन त्याच दिवशी संध्याकाळी दिलं गेलं, असं दुसऱ्या दिवशी ऑफिसातून कळलं. आणि ते नाक वाहणं म्हणजे साधी सर्दी होती, हेही. गोवर इतक्या लवकर दिसतच नाही म्हणे, त्याला दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे खरी वाट बघायची ती आता होती.

निनाद नऊ दिवसांनी घरी आला. हाडं निघाली होती, पण खेळत होता. त्याच्याकडं बघून आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी बोधी आठवायची. बनसोडेंनी शिफ्ट बदलून घेतली होती. यजमान एकटे डबा खायचे. आमच्या पायरीवर कुणी येत नव्हतं. त्या शुक्रवारपासून चौदाव्या दिवशी ऑफिसातून निरोप फिरला, की बोधीला ताप आलाय. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही. अंगावर चार ठिपके जरी उठले तरी त्या मुलीचं काय होईल, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळे माझ्या बंद दाराकडं बघत होते.

लोखंडे सिस्टर आल्या त्या याच दिवसांत. त्यांनी कार्ड मागितलं, पेनानं त्या रकान्यावर आडवी रेघ मारली.

"खाली माझी सही आहे कुंदाताई," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर केली मी. मला लेखी खुलासा द्यायचाय आता." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रडल्या.

पुढच्या लसीकरणाला त्यांनी सगळ्या घरांची कार्डं नव्यानं तपासली. आणखी दोन घरांतल्या बाया मान खाली घालून पोरं घेऊन आल्या. त्यातल्या एक शेळकेवहिनी होत्या. निनादचे राहिलेले डोस त्याच दिवशी होते. सिस्टरनी सुई घेतली तसं मला पुन्हा चिमीचं वजन मांडीवर जाणवलं. तसंच, अगदी तेवढंच. मी डोळे मिटले नाहीत. त्याचा दंड धरून ठेवला. तो रडला, मग गप्प झाला. तीन दिवस मी दर तासाला त्याचं कपाळ बघत होते. काही झालं नाही.

बोधी वाचली. गोवर आला, पण हलका आला. एकोणीस दिवस तिला काचेच्या खोलीत एकटं ठेवलं होतं, आणि तिच्या मूळ आजाराचा उपचार पाच आठवडे बंद राहिला. त्या पाच आठवड्यांनी पुढं काय होईल, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते.

मे महिन्यात बनसोडेंनी शहराजवळ बदली मागून घेतली. सामान न्यायला सकाळी ट्रक आला. मी दाराआड उभी राहून बघत होते. सगळं चढवून झालं, तशी विशाखा एकटीच चालत आमच्या दाराशी आली. चार महिन्यांत पहिल्यांदा. पायरीच्या खालीच थांबली. मी बाहेर आले.

"बोधी ठीक आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, आत्तापर्यंत तरी ठीक आहे."

मी हात जोडले.

"माफ करायला आले असं समजू नकोस. ते नाही जमणार मला. एकच सांगायचं होतं. त्या काचेबाहेर बसून मी तुला काय काय बोलले असेन. मग दर वेळी मनात यायचं, की स्वतःचं पोरगं ऑक्सिजनवर टाकून आली. कळल्याबरोबर आली, सगळ्यांसमोर सांगितलं. नसती आली तर मला कुणी विचारणार होतं? तेवढ्यासाठी मी तुला अजून माणूस समजते. चार वर्षं आपण उगाच नाही काढली एकमेकींबरोबर."

मला नुसती मान हलवायची होती. ती गेली असती, मनात तेवढं चांगलं घेऊन. मी तेच करणार होते. पण तिचे डोळे माझ्यावर होते, आणि ती पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवत होती, अगदी स्वयंपाकघरातल्या त्या दिवसासारखा.

"सोमवारी," मी म्हटलं.

"काय सोमवारी?"

"इंजेक्शनचं मला सोमवारीच कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, विचारलं, कुणी आजारी आहे का शेजारी. मी नाही म्हणाले. तुझ्याकडं बुधवारी आले."

ती हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. गुंडाळून झाल्यावर पुन्हा सोडला.

"दोन दिवस," ती म्हणाली.

"दोन दिवस."

पलीकडून ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. विशाखाचा आवाज इतका हळू झाला, की मला एक पायरी खाली उतरावं लागलं.

"हे कशाला सांगितलंस कुंदा? एवढं एक होतं माझ्याकडं. तेवढं तरी राहू द्यायचंस."

ती वळली आणि गेली. ट्रक धरणाच्या भिंतीवरून पलीकडं जाईपर्यंत तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. बोधीनं पाहिलं. खिडकीतून ती जोरजोरात हात हलवत होती. निनाद माझ्या शेजारी उड्या मारत तिला हात करत होता. माझा हात काही वर झाला नाही.